मधुमेहाचा खर्च : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे मधुमेहाच्या उपचारांविषयी कमी आणि त्या उपचारांच्या खर्चाविषयी अधिक बोलणारी होती. एकमेकांशी मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून आणि पत्रलेखकांची ओळख वगळून त्यांतील काहींना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझे वय ४७ आहे आणि कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी सुपरवायझर आहे. दीड वर्षापूर्वी टाइप टू मधुमेहाचे निदान झाले. साखरेच्या दोन, रक्तदाबाची एक आणि कोलेस्टेरॉलची एक अशा चार गोळ्या चालू असून महिन्याचे बिल १,४०० रुपयांच्या आसपास येते. आज हे झेपते. पण आजार जन्माचा आहे, तर पुढच्या पंचवीस वर्षांसाठी किती रक्कम धरून चालावे?

उत्तर : महिन्याला १,४०० म्हणजे वर्षाला १६,८०० रुपये होतात. तपासण्या आणि डॉक्टरांची फी यांचे सुमारे पाच हजार त्यात मिळवले, तर तुमचा आजचा वार्षिक खर्च २२,००० रुपयांच्या घरात जातो. भाव कधीच वाढणार नाहीत असे मानले, तर पंचवीस वर्षांचे साडेपाच लाख रुपये होतात. हाच खर्च दरवर्षी सात टक्क्यांनी वाढेल असे मानले, तर बेरीज १४ लाखांच्या जवळ जाते. सात टक्के हा आकडा मी हिशेबासाठी धरलेला आहे. महागाई आणि वाढत जाणारी औषधे या दोन्हींचा विचार करता तो मला अवाजवी वाटत नाही.

औषधे वाढत जातात, हे बहुतेक रुग्णांना कोणी आधी सांगत नाही, आणि म्हणून तिसरी गोळी सुरू झाली की त्यांना आपले काहीतरी चुकले असे वाटते किंवा डॉक्टरांविषयी शंका येऊ लागते. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि नव्याने निदान झालेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या यूकेपीडीएस या अभ्यासात असे आढळले की, तीन वर्षांनंतर सुमारे निम्म्या आणि नऊ वर्षांनंतर सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना साखर ठरलेल्या पातळीवर राखण्यासाठी एकापेक्षा अधिक औषधे लागत होती. स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची क्षमता काळानुसार घटत जाते, हे त्याचे मुख्य कारण आहे. तेव्हा साठीत इन्सुलिन घ्यावे लागण्याची शक्यता आजच हिशेबात धरा; आले नाही तर पैसे शिल्लक राहतील.

तथापि, घर खरोखर अडचणीत येते ते या मासिक बिलामुळे नव्हे. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवावा लागणारा स्टेंट, डोळ्याच्या पडद्यावरील सुजेसाठी महिन्या-महिन्याने घ्यावी लागणारी इंजेक्शने, न भरणाऱ्या जखमेसाठी पुन्हा पुन्हा रुग्णालयात दाखल होणे, आणि सर्वांत शेवटी डायलिसिस, हे खर्च हप्त्याने येत नाहीत. ते एकदम येतात आणि बहुधा कमावत्या माणसाची रजा व पगारही सोबत घेऊन जातात. त्यांची शक्यता किती असेल, हे आज तुम्ही साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल कसे सांभाळता यावर बऱ्याच अंशी अवलंबून आहे. वर सांगितलेल्या अभ्यासातच एचबीए१सी, म्हणजे मागच्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा आकडा, एका टक्क्याने कमी असणाऱ्यांमध्ये डोळे व मूत्रपिंड यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती ३७ टक्क्यांनी कमी आढळल्या होत्या.

म्हणून माझे मत असे की, घरच्या हिशेबात औषधांच्या आधी तपासण्यांची रक्कम काढून ठेवावी. एचबीए१सी साखर आटोक्यात नसेल तर दर तीन महिन्यांनी आणि स्थिर असेल तर वर्षातून दोनदा, आणि वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन आणि रक्तातील क्रिएटिनिन (दोन्ही मूत्रपिंडाची स्थिती कळण्यासाठी), लिपिड प्रोफाइल म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी, बाहुली मोठी करून केलेली डोळ्याच्या पडद्याची तपासणी आणि पायांच्या संवेदनेची तपासणी, एवढी यादी पुरेशी आहे. ‘एक्झिक्युटिव्ह’ किंवा ‘गोल्ड’ अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या सत्तर-ऐंशी चाचण्यांच्या पॅकेजची तुम्हाला गरज नाही. त्यांत बहुधा लघवीतील अल्ब्युमिनच नसते. माझ्या पाहण्यात असे आहे की लोक गोळ्या चुकवत नाहीत, परंतु तपासण्या पुढे ढकलतात. गोळी चुकवली तर दोन दिवसांत ग्लुकोमीटरवर आकडा दिसतो. काही शे रुपयांची लघवीची तपासणी चुकवली, तर पाच वर्षे काहीच दिसत नाही, आणि मूत्रपिंडावर परिणाम होत असतो तो नेमका त्याच पाच वर्षांत.

या सर्वांसाठी बोनसचा महिना ठरवून घ्या. तो दिवाळीत येत असेल तर तपासण्या दिवाळीनंतर करा. एचबीए१सीचा आकडा थोडा अधिक प्रामाणिक येईल. मासिक बिलाव्यतिरिक्त महिन्याला हजार रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडा आणि त्याला रुग्णालयाच्या खर्चाखेरीज हात लावू नका.

प्रश्न : मी नाशिकला माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. माझ्या वडिलांना सिटाग्लिप्टिन ५० आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम यांची एकत्रित गोळी दिवसातून दोनदा चालू आहे. जनऔषधी केंद्रात ती पुष्कळ स्वस्त मिळते, परंतु आमचा नेहमीचा मेडिकलवाला म्हणतो की त्या गोळीत ‘पावर कमी असते’. बदल करावा का?

उत्तर : करावा, पण पद्धतशीरपणे करावा. सिटाग्लिप्टिनवरील पेटंट आपल्याकडे २०२२ साली संपले आणि त्यानंतर अनेक कंपन्यांनी ते बाजारात आणले. किमतीतील फरकाचे मूळ येथे आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात जनऔषधी केंद्रांत सिटाग्लिप्टिन ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आणि तुम्ही लिहिलेल्या एकत्रित गोळीच्या दहा गोळ्या ६५ रुपयांना उपलब्ध झाल्या. दिवसाला दोन म्हणजे महिन्याला सहा पट्ट्या, अर्थात त्या वेळच्या दराने ३९० रुपये. आजचा दर केंद्रावर विचारून घ्या आणि तुमच्या सध्याच्या बिलाशी ताडून पाहा.

‘पावर’ म्हणजे गोळीतील औषधाचे प्रमाण, आणि ते पट्टीवर छापलेले असते. दोन्ही घटकांची नावे, दोन्हींचे मिलिग्रॅम आणि नावापुढची एसआर किंवा ईआर ही अक्षरे, म्हणजे औषध सावकाश सुटणारी गोळी आहे का, हे जुन्या पट्टीशी जुळले की बदल योग्य झाला. बदल केल्याचे डॉक्टरांना सांगा, पहिले दोन आठवडे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर अधूनमधून पाहा आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी करा. आकडा पूर्वीसारखाच आला, तर मेडिकलवाल्याच्या शंकेचे उत्तर लॅबच्या कागदावर मिळाले. या केंद्रांची खरी अडचण साठ्याची आहे. हवी ती गोळी त्या दिवशी नसते, म्हणून आठ-दहा दिवसांचे औषध शिल्लक असतानाच पुढचे आणावे. गोळी मिळाली नाही म्हणून चार दिवस खाडा करणे कोणत्याही बचतीपेक्षा महाग पडते.

बचत कंपनीच्या नावात करावी, औषधात करू नये. खर्च कमी करायचा म्हटले की बहुतेक घरांत सर्वांत आधी कोलेस्टेरॉलची गोळी बंद होते, कारण ती घेतल्याने किंवा न घेतल्याने काही जाणवत नाही. मधुमेहात हृदयाला असलेला धोका पाहता हीच गोळी शेवटपर्यंत टिकायला हवी. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या औषधांचेही तसेच आहे. ती केवळ साखरेची औषधे नसून हृदय आणि मूत्रपिंड यांचे रक्षण करतात. पहिल्याचे पेटंट २०२० मध्ये आणि दुसऱ्याचे मार्च २०२५ मध्ये संपले असल्यामुळे, पूर्वी किमतीमुळे ज्यांनी नकार दिला होता त्यांनी डॉक्टरांना पुन्हा विचारायला हरकत नाही. वडील बरीच वर्षे मेटफॉर्मिनवर असतील आणि शाकाहारी असतील, तर एकदा बी१२ जीवनसत्त्व तपासून घ्या.

ज्यांना जनऔषधी केंद्राचा खर्चही जड जातो, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट नमूद करतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीतील प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि रक्तदाबाच्या साध्या गोळ्या तेथे मागण्यात संकोच बाळगू नये.

प्रश्न : दंडावर लावायचा साखर मोजणारा सेन्सर घ्यावा का? मी फक्त गोळ्यांवर आहे.

उत्तर : सेन्सर साधारण दोन आठवडे चालतो आणि एकाची किंमत काही हजार रुपये असते, म्हणजे तो कायम लावणे हे तुमच्या औषधांच्या बिलाहून मोठे बिल ठरेल. दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ज्यांची साखर वारंवार फार खाली जाते त्यांना त्याचा खरा उपयोग होतो. गोळ्यांवर असणाऱ्याने कोणत्या जेवणाने साखर किती चढते हे समजून घेण्यासाठी हौसेने एकदा लावून पाहावा; एरवी ग्लुकोमीटर पुरे.

प्रश्न : मी ठाण्यात राहतो, वय ५२. कंपनीचा गटविमा आहे, पण निवृत्तीनंतर तो राहणार नाही. विमा एजंटाने सुचवले आहे की स्वतंत्र पॉलिसी घेताना मधुमेह लिहू नये, ‘पाच वर्षे गेली की कोणी विचारत नाही’. हे खरे आहे का?

उत्तर : अर्धवट खरे आहे, आणि अर्धवट खऱ्या सल्ल्यावर सही करणारे तुम्ही असता, एजंट नसतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिल्यावर माहिती लपवली या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. परंतु फसवणूक सिद्ध झाल्यास हे संरक्षण मिळत नाही. रोज गोळ्या घेत असताना अर्जावर ‘आजार नाही’ असे लिहिणे हे विसरणे आहे की फसवणूक, यावर रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभे राहून वाद घालण्याची वेळ येऊ नये. शिवाय पहिल्या पाच वर्षांत दावा करावा लागला, तर रुग्णालयाच्या फाइलमध्ये मधुमेह किती वर्षांपासून आहे हे पहिल्याच पानावर लिहिलेले असते.

खरे सांगून काय गमावाल, तेही पाहू. आधीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे ज्या काळात त्या आजाराचा दावा मिळत नाही तो काळ, आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो. पूर्वी तो ४८ महिन्यांपर्यंत असे. काही पॉलिसी जादा हप्ता घेऊन तो आणखी कमी करतात. तुमचे वय ५२ आहे आणि कंपनीचा विमा अजून चालू आहे, ही तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, कारण प्रतीक्षाकाळ नोकरीत असतानाच संपवून टाकता येईल. निवृत्तीच्या महिन्यात पॉलिसी शोधायला निघालेल्या माणसाला, नेमके ज्या वर्षांत गरज लागू शकते ती वर्षे उघड्यावर काढावी लागतात. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्यावर आला आहे, तोही एक दिलासा आहे.

मात्र या विम्याकडून चुकीची अपेक्षा ठेवू नका. साधा आरोग्यविमा रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येतो. महिन्याच्या गोळ्या, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, एचबीए१सी आणि डॉक्टरांची फी तुमच्याच खिशातून जाते. बाह्यरुग्ण खर्चाची जोड देणाऱ्या पॉलिसी असतात, पण वाढीव हप्ता आणि मिळणारी कमाल रक्कम शेजारी-शेजारी मांडून पाहिली की फायदा बहुधा फारसा उरत नाही.

जुन्या करप्रणालीत राहिलेल्यांसाठी एक उपयुक्त तरतूद सांगतो, जिची दखल फार थोडे लोक घेतात. कलम ८०ड म्हणून परिचित असलेल्या वजावटीत हप्त्यासाठी २५,००० आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी ५०,००० रुपयांची मर्यादा आहे, हे सर्वांना माहीत असते. परंतु ज्या ज्येष्ठ नागरिकाचा आरोग्यविमाच नाही, त्याच्या औषधांचा आणि उपचारांचा प्रत्यक्ष खर्चही याच ५०,००० रुपयांच्या मर्यादेत वजावटीस पात्र असतो. अट एवढीच की तो रोखीने केलेला नसावा. आईवडिलांची औषधे मुलाने स्वतःच्या खात्यातून घेतली, तर ही वजावट मुलालाही मिळते. म्हणून बिले टाकून देऊ नका.

प्रश्न : आम्ही लातूर जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. आईचे वय ६३, मधुमेह वीस वर्षांपासून. क्रिएटिनिन ३.८ आले असून डॉक्टरांनी पुढे डायलिसिस लागेल असे सांगितले आहे. शेतीवर घर चालते. हा खर्च आम्ही कसा करावा?

उत्तर : पहिली गोष्ट, जमिनीचा तुकडा विकण्याचा किंवा सावकाराकडे जाण्याचा निर्णय आज घेऊ नका. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू आहे आणि तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्यात आली आहे. डायलिसिस या योजनेत समाविष्ट आहे. शिधापत्रिका आणि आधार यांवरील नावे जुळतात का ते आताच पाहा. बहुतेकांचे काम अडते ते उपचारांपाशी नव्हे, तर या कागदांपाशी. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांत मदतीसाठी ‘आरोग्यमित्र’ बसलेले असतात, आणि १५५३८८ या क्रमांकावर जवळचे केंद्र कोणते ते विचारता येते. याशिवाय २०१६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांतून दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना ही सेवा मोफत दिली जाते. ज्यांचे वय ७० पूर्ण झाले आहे, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण आहे. आईंना त्याला अजून सात वर्षे आहेत, पण घरात आणखी कोणी वृद्ध असतील तर त्यांचे कार्ड काढून घ्या.

योजनेने डायलिसिसचे बिल सुटते, परंतु खर्च तेथे संपत नाही. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा तालुक्याला किंवा लातूरला जाणे-येणे, सोबतच्या माणसाचा बुडणारा रोज, हिमोग्लोबिनसाठी लागणारी इंजेक्शने आणि मधल्या काळातील औषधे यांचा भार कुटुंबावर पडतो. कोण सोबत जाणार आणि त्या दिवशी शेतातले काम कोण पाहणार, हे घरात बसून आधीच ठरवा. शक्यतो गावाजवळचे केंद्र निवडा. मोठ्या शहरातील नावाजलेल्या केंद्रापेक्षा वीस किलोमीटरवरचे साधे केंद्र वर्षभर निभावते.

दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. डायलिसिस सुरू होण्याआधी काही महिने मनगटापाशी किंवा कोपरापाशी दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडण्याची एक छोटी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते, तिला फिस्टुला म्हणतात. ती वापरण्याजोगी व्हायला कित्येक आठवडे लागतात. लोक शेवटच्या दिवसापर्यंत थांबतात, मग दम लागलेल्या अवस्थेत रुग्णालय गाठतात, मानेत तात्पुरती नळी घालावी लागते, तिच्यातून जंतुसंसर्ग होतो आणि टाळता येण्याजोगा खर्च सुरू होतो. आईंच्या ज्या हाताचा वापर कमी आहे त्या हातावर आजपासून सुई टोचू देऊ नका, रक्त दुसऱ्या हातातून द्या, आणि पुढच्या भेटीत मूत्रपिंडतज्ज्ञांना फिस्टुलाविषयी विचारा.

गुडघे किंवा कंबर दुखते म्हणून दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि घटक माहीत नसलेली भस्मे किंवा काढे ताबडतोब थांबवा. मूत्रपिंडांत जे थोडे बळ उरले आहे ते टिकवल्यास डायलिसिस काही महिने, क्वचित त्याहून अधिक काळ लांबणीवर जाऊ शकते, आणि लांबलेला प्रत्येक महिना घराच्या दृष्टीने मोलाचा आहे.

प्रश्न : पुण्यातील एका केंद्राने माझ्या पतीचा मधुमेह वर्षभरात ‘रिव्हर्स’ करून देण्यासाठी ४५,००० रुपयांचे पॅकेज सांगितले आहे. निदान होऊन दोन वर्षे झाली आहेत, वजन ९४ किलो आहे. पुढचा खर्च कायमचा वाचणार असेल तर पैसे भरावेत का?

उत्तर : यामागची मूळ कल्पना खोटी नाही. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ नावाच्या अभ्यासात, मधुमेह होऊन सहा वर्षांहून कमी काळ झालेल्या आणि वजन जास्त असलेल्या रुग्णांनी काटेकोर आहाराने वजन उतरवले, तेव्हा एका वर्षानंतर ४६ टक्के जणांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आली होती. दोन वर्षांनंतर हे प्रमाण ३६ टक्के राहिले, आणि पुढे वजन परत चढत गेले तसे ते आणखी घटले. म्हणजे तुमचे पती प्रयत्न करण्याजोग्या गटात बसतात. ‘कायमचा’ हा शब्द मात्र कोणालाही देता येणार नाही.

४५,००० रुपयांत नेमके काय मिळते, हे लेखी मागा. आहारतज्ज्ञ प्रत्यक्ष किती वेळा भेटणार, गोळ्या कमी करण्याचा निर्णय कोणता नोंदणीकृत डॉक्टर घेणार, आणि केंद्राची स्वतःची पावडर किंवा पूरके विकत घेणे सक्तीचे आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे गुळमुळीत आली, तर पैसे भरू नका. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि आहारतज्ज्ञांना भेटीगणिक फी देऊन हाच प्रयत्न बराच कमी खर्चात होऊ शकतो. साखर उतरू लागली की ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा डोस वेळीच कमी करावा लागतो, अन्यथा साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. त्यामुळे घरच्या घरी गोळ्या बंद करण्याचा प्रयोग करू नका. औषधे थांबवल्यानंतर निदान तीन महिने एचबीए१सी साडेसहाच्या खाली राहिले तरच मधुमेह माघारला असे म्हणतात, आणि तसे झाले तरी डोळे, पाय आणि लघवीतील अल्ब्युमिन यांची वार्षिक तपासणी चालूच राहते. पॅकेजच्या कागदावर त्या तपासण्यांचा उल्लेख आहे का, तेही पाहून घ्या.